सावडीच्या शेवया

ज्या पत्रकाखाली तुम्ही सही केलीत, ते तुमच्याच घरात, तुमच्याच आईसमोर पाळून दाखवायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? सभेत हात वर करणं सोपं असतं. सभेत आई नसते. असली तरी ती मागे, बायकांत बसलेली असते आणि तिथून ती काही बोलत नाही. ती घरी आल्यावर बोलते.

मी पत्रकांवर वाढले. आबा, म्हणजे माझे वडील, गुळाची गाडी घेऊन सांगलीला जायचे आणि येताना रिकाम्या गाडीत, कडब्याच्या पेंढीत खुपसून, कसली ना कसली पत्रकं आणायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण सही करण्यापुरतं. म्हणून दिवेलागणीला मला समोर बसवून ते वाचून घ्यायचे. शाळेत मुलं ज जहाजाचा गिरवत होती तेव्हा मला 'जुलूम' हा शब्द जोडाक्षरासारखा ठणकावून वाचता येत होता. झडतीची धास्ती असली की ही सगळी विद्या शेणींच्या ढिगात जायची. त्यामुळे माझ्या लहानपणच्या थोर विचारांना शेणीचा वास आहे, आणि अजूनही कुठं चूल पेटलेली दिसली की मला एखादी घोषणा आठवते.

"हिला बाळगुटीत शाई उगाळून घातलीया," असं माझा थोरला भाऊ म्हणायचा. तो पलटणीत होता. लढाई संपून तो इटलीहून घरी परत आला त्याच सुमाराची ही गोष्ट. लढाई संपली होती. रेशन संपलं नव्हतं. कुंडलच्या बाजूला आणि नदीकाठच्या आमच्या गावांतून त्या वर्षांत साधी लग्नं लावायची चळवळ जोरात होती. दोन हार, चार शब्द, गूळ आणि पाणी, की झालं लग्न. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि साध्या लग्नावर जे पत्रक सांगलीच्या छापखान्यातून निघालं त्याचा मजकूर माझा होता. खाली माझं नाव होतं. आमच्या गावात छापील नाव असलेली मी पहिलीच मुलगी. गाव मला त्याबद्दल शाबासकी देईल असं मला वाटलं होतं. गावानं मला 'पत्रकवाली' हे नाव दिलं.

दादानं ते पत्रक ओसरीवर उभं राहून, परेडला हुकूम द्यावा तशा आवाजात वाचलं. "वाजंत्री बंद. मानपान बंद. जेवणावळी बंद. रुखवत मांडणे बंद."

इथं तो थांबला आणि मला म्हणाला, "हे सगळं वाचून नवरा बी बंद पडंल बग."

आई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "शेवटचं परत वाच."

"रुखवत मांडणे बंद."

"खाली नाव कुणाचं हाय?"

"हिचं."

"आन् पुढच्या म्हयन्यात लगीन कुणाचं हाय?"

"हिचंच."

"मग बराबर हाय," आई म्हणाली आणि सूप परत हातात घेतलं. "आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा घालायचा, त्याला छापखाना कशाला लागतोय?"

आमच्या भागात नवरीबरोबर रुखवत जातं. शेवया, कुरडया, सांडगे, पापड, सगळं पाट्यांत रचून, वर रंगीत कागदाच्या चिमण्या खोचून, नवऱ्याच्या दारात मांडतात. गाव येऊन बघतं, बोट लावून बघतं, आणि कुणाच्या लेकीनं किती पाट्या आणल्या ते पुढं कित्येक वर्षं लक्षात ठेवतं. माझा राग त्या बघण्यावर होता. ज्याच्या घरात गहूच नाही त्यानं काय मांडायचं, असं मी पत्रकात विचारलं होतं. अजूनही विचारते. मला कुणी उत्तर दिलेलं नाही.

आईचा मुद्दा वेगळा होता. "मी गावाला दावायला करतीया व्हय?" ती म्हणाली. "तुज्या घरात मग माज्या हातचं काय जाणार?"

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्यात लेकीच्या सासरी आई सहज जात नाही. गेलीच तर दारात बसते, पाणी पिते आणि उठते; नातवंड होईपर्यंत तिथं अन्न घेत नाही. रुखवताच्या पाटीतून जे जाईल तेवढंच आईच्या हातचं पुढं वर्षभर लेकीच्या ताटात पडतं. माझं सासर कवठे महांकाळच्या बाजूला, कोरडवाहू मुलखात. बैलगाडीनं एक आख्खा दिवस. म्हणजे आईच्या दृष्टीनं मी पत्रक काढून तिचा रस्ताच बंद केला होता.

"मी गेले म्हणजे तुझ्याच हातचं गेलं की," मी म्हणाले. मला वाटलं, वाक्य चांगलं झालं.

"तू कुटली माज्या हातची? तू तुज्या आबाच्या पत्रकांची हाईस."

आम्ही दोघींनी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "मी बैलांना पाणी दावून येतो," आणि उठून गेले. त्या दिवसांत आमच्या घरात हा विषय निघाला की बैलांना तहान लागायची. एवढं पाणी पिणारे बैल पंचक्रोशीत नव्हते.

शेवटी आई म्हणाली, "बरं. न्हाई देत रुखवत." इतक्या सहज ती कबूल झाली की मला संशय यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, मुद्दा पटला. चळवळीतल्या माणसांना हा एक रोग असतो. समोरचा गप्प बसला की त्याला पटलं असं ते धरून चालतात.

तो फाल्गुन असा होता, की नदीचं पाणी आटून वाळूत काकड्या-कलिंगडांचे वेल पसरले होते. बांधावरचा पांगारा पानं टाकून नुसता लाल उभा होता आणि त्याच्यावर साळुंक्यांची जी भांडणं चालत ती ऐकून आमची ग्रामसभा शांत वाटावी. तोडलेल्या उसाच्या खोडव्याला हिरवे कोंब आले होते. मागल्या दारच्या निंबाला मोहोर लागला होता आणि त्याचा तो कडसर गोड वास सगळ्या परसात असायचा. मी यातलं काही पत्रकात घातलं नव्हतं. पत्रकांत ऋतू नसतात. त्यांच्यात नुसते दिवस असतात, आणि तेही बहुतेक काळे.

आणि त्या सगळ्या फाल्गुनात आई रोज सकाळी भाकऱ्या आटोपून कुठं तरी निघून जायची. डोक्यावर शेवयांचा पाट. आज चुलतीच्या घरी, उद्या समोरच्या जैनांच्या घरी, परवा वेशीजवळच्या तेल्याच्या घरी. आमच्या गल्लीत शेवया एकट्यानं कुणी करत नाही. सावड असते. आज तुमच्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तुम्ही. भांगलणीला असते, ऊस लावायला असते, तशीच शेवयांना. मला बरं वाटलं. मी मनात म्हणाले, रुखवत नाही म्हणून बिचारी दुसऱ्यांच्या शेवया करून मन रमवते आहे.

पाडवा झाल्यावर तीन-चार दिवसांनी, ऊन नुकतं परसात उतरलं होतं, तेव्हा गल्लीतल्या बायका आमच्या दारात आल्या. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात सूप. पुढं माझी थोरली चुलती. ही बाई गल्लीची सेनापती. तिला ऐकू कमी येतं असं ती सांगते, पण तिच्याबद्दल कुजबुजलेलं तिला तीन घरांवरून ऐकू येतं.

"ऊठ गं पत्रकवाले, खाट आडवी कर," ती म्हणाली.

"कशाला?"

"कशाला म्हंजे? तुजी आय सगळा फागून आमच्या दारात राबली. आमी तिची सावड कवा फेडायची? तू नांदाय गेल्याव?"

"पण काकी, मी छापून दिलंय..."

"सावड बंद म्हणून छापलंस व्हय? आरं, बघ रं त्यात, हाय का तसं."

हे दादाला उद्देशून होतं, आणि दादा याच कामासाठी ओसरीवर बसल्यासारखा बसला होता. त्यानं खिशातून पत्रक काढलं, उलगडलं आणि शेवटची ओळ वाचली. "भगिनींनो, एकमेकींच्या कामाला धावून जा."

"धावत न्हाई आलो," चुलती म्हणाली, "गुडघं दुकत्यात. पर आलो."

मी आईकडं बघितलं. आई चुलीपाशी होती आणि तिचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा निर्विकार होता. तिच्या शेजारच्या परातीवरचं ओलं फडकं मी उचललं. खाली खपली गव्हाच्या सोजीची कणीक, तेल लावून, तिंबून, मऊसूत झालेली. एवढी कणीक एका सकाळीत तिंबून होत नाही. चाललं होतं ते आदल्या दिवसापासून चाललं होतं, आणि घरात ते माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. बैलांनासुद्धा.

मी दारात उभं राहून शक्य तेवढ्या मोठ्यानं सांगितलं, "शेवया करा. खुशाल करा. पण लग्नाच्या गाडीत एक काडी चढली, तर मी उतरेन."

"बरं बाई," चुलती म्हणाली. "तू बस तर खरी आदी."

तुम्ही शेवया होताना बघितल्या नसतील तर सांगते. लांब पाट खाटेवर उतरता लावतात. वरच्या टोकाला एक बाई बसते आणि कणकेची वळी तळहाताखाली वळत वळत खाली सोडत जाते. खालची बाई ती सुतासारखी उतरलेली शेवई हातावर झेलते, वेढे घेते, ताणते आणि काठीवर टाकते. काठ्या दोन खाटांच्या मध्ये आडव्या लावलेल्या. बघताना वाटतं, यात काय आहे. मला खालच्या टोकाला बसवलं. माझ्या हातात आलेली शेवई एकतर तुटायची नाहीतर तिथंच जाड होऊन बसायची.

"ही शेवई न्हवं, कासरा हाय," तेलीण म्हणाली.

"असू द्या. नवरा बांधाय बरा पडंल," चुलती म्हणाली.

"त्यो बी पत्रकवाला हाय म्हणं. त्याला बांधाय लागत न्हाई, त्याच्या फुडं नुसता कागद धरायचा."

समोरच्या जैनांच्या काकू वरच्या टोकाला होत्या. त्यांच्या हाताची शेवई गल्लीत सगळ्यात बारीक. कांदा-लसणाचा वास असलेल्या हातानं कणकेला शिवायचं नाही हा त्यांचा दंडक, आणि आमच्या घरच्या बायका त्या दिवशी सकाळपासून त्यांच्यासमोर हात पुढं करून वास देत होत्या. मला दोनदा परत धुवायला पाठवलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "कांदा गेला. शाई ऱ्हायली. ऱ्हाऊ दे, शाईचं काय पाप न्हाई."

दादाला ओसरीवर करमेना. तो काठ्या धरायला म्हणून आला आणि बोलायलाच लागला. "इटलीत बी शेवया हाईत. घराघरांत."

"जा रं, थापा मारू नगंस."

"आईशप्पत. काठ्यांवर अशाच वाळत घालत्यात. मीठ घालून उकडत्यात, वर टमाट्याचं कालवण वतत्यात आन् काट्याला गुंडाळून खात्यात."

"आन् गूळ?"

"गूळ न्हाई."

चुलतीचे हात थांबले. तिनं जरा वेळ त्या देशाचा विचार केला.

"मग हारणारच की," ती म्हणाली.

मी हसले. हसायचं नाही असं ठरवून बसले होते, पण हसले. ऊन चढत होतं, परसात काठ्यांवर पांढऱ्या पिवळसर धारा लोंबत होत्या, वारं आलं की सगळ्या एकदम हलायच्या आणि निंबाचा मोहोर त्यांच्यावर पडू नये म्हणून आई जुनं धोतर घेऊन धावायची. कैरी फोडून मीठ लावून कुणी तरी फिरवत होतं. असल्या सकाळी माणूस तत्त्वावर ठाम राहू शकतो. मी राहिले होते. फक्त जरा मोठ्यानं हसत ठाम राहिले होते, एवढंच. मात्र काठी भरली की माझी नजर गाडीकडं जायची. आमची गाडी परसाच्या कोपऱ्यात उभी होती, आणि तिच्यात आदल्या दिवशी नव्हता असा ताजा कडबा अंथरलेला होता. कडब्यात काय काय लपतं ते मला आबांच्या घरात कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तेवढ्यात दुसरी गाडी दारात येऊन थांबली.

माझी होणारी सासू खाली उतरली. बरोबर तिचा भाऊ. कुलदेवाच्या यात्रेहून परत जात होते, वाटेवर आमचं गाव, म्हणून सून एकदा डोळ्यांखालून घालावी असा विचार. असं न सांगता येणं रीतीचं नाही, आणि ते तिला माहीत होतं. ती दारातच थबकली. आई लगबगीनं पुढं झाली. चूळ भरायला पाणी, बसायला घोंगडी. दादा नवऱ्याच्या या मामांना घेऊन ओसरीवर गेला. सासूबाई परसात आल्या आणि त्यांना त्या काठ्या दिसल्या.

परसभर शेवया. या खाटेपासून त्या खाटेपर्यंत, मग दोरीवर, मग सुपांत, मग गाडीच्या जुवावरसुद्धा.

"लय केल्यात की," त्या म्हणाल्या.

तेलीण उगाच काठ्या सारख्या करायला लागली.

"समद्या आमच्याकडं येणार व्हय?"

त्यांनी हे हसूनच विचारलं. पण लुगड्याचा पदर त्यांनी मुठीत धरला होता आणि तो सुटत नव्हता. त्यांच्या मुलखात दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. रुखवताची पाटी रिकामी परत पाठवायची नाही, ही रीत त्यांच्याकडंही आहे. शिवाय रुखवत बघायला भावकी येणार, तिला जेवू घालायचं, आणि घरात लेकाशिवाय कर्ता माणूस नाही. त्या घोंगडीच्या कडेवर बसत म्हणाल्या, "ल्योक म्हणला, रुखवत येणार न्हाई, तसं छापून दिलंय. म्हणून म्या निवांत जत्रा केली. तुमचं बी बराबर हाय म्हणा. एकुलती ल्येक."

हेच मी पत्रकात लिहिलं होतं, याहून खणखणीत शब्दांत. पण पत्रकात मी ज्या गरीब वरमाईबद्दल लिहिलं होतं, ती बाई आमच्या परसात येऊन बसेल आणि तिच्या पायाला यात्रेची धूळ असेल असं माझ्या डोक्यात नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं.

आई माझ्या आधी बोलली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकदा त्या काठ्यांवरून नजर फिरवली, टोकापासून टोकापर्यंत, आणि म्हणाली, "न्हाई वं. तुमच्याकडं कुटल्या? ह्या सावडीच्या हाईत. आज समद्या गल्लीचं जेवान हितंच हाय. उरल्यासुरल्या बाया घरी न्हेत्यात."

चुलतीनं तोंड उघडलं. गल्लीची रीत अशी नव्हे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याच्या घरी पाट, शेवया त्याच्या. वर्षाचा गहू होता तो, रेशनच्या दिवसांतला, लेकीसाठी मागं ठेवलेला. तिनं आईकडं बघितलं आणि तोंड परत मिटलं. या घटनेला गल्लीत साक्षीदार आहेत.

"व्हय व्हय," ती मग म्हणाली, "आमच्यात असंच असतंय. आन् ह्या वर्साला लय खादाड बाया जमल्यात."

सासूबाईंची मूठ सुटली.

मी जिंकले होते. एक काडी गाडीत चढणार नव्हती. घोषणा द्यायला हरकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर एक तयारही होती. पण आई माझ्या जवळून जाताना म्हणाली, "हुबी काय ऱ्हायलीस? गूळ फोड."

मी गूळ फोडला. चुलीवर मोठं पातेलं चढलं. आणि सासूबाई, ज्यांना घोंगडीवर बसवून सरबत दिलं होतं, त्या इकडं तिकडं बघत होत्या. बायकांचे हात चालू असताना नुसतं बसून राहणं त्यांना जमेना. शेवटी म्हणाल्या, "हात धुवाय पाणी द्या बगू." जैनांच्या काकू वरच्या टोकावरून सरकल्या. सासूबाई तिथं बसल्या, वळी हातात घेतली, एकदा बोटानं दाबून बघितली आणि सोडली.

ती शेवई खाली माझ्यापर्यंत आली तेव्हा माझ्या हातात काही आहे की नाही हेच मला कळेना, इतकी बारीक.

"आगं बया," तेलीण म्हणाली. "हिकडं ही, आन् तिकडं आमची कासरेवाली."

"आमच्याकडं गहू न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "पर म्हायेर नदीकाठचं हाय की माजं. हात इसरत न्हाईत."

"आन् ल्योक? त्यो करतोय का काय हातानं?"

"त्यो? त्यानं मागल्या म्हयन्यातच पत्रक काढलंय, घरात बायकांना मदत करा म्हणून. लिवताना दर वळीला च्या मागत हुता."

हा टोला मला बसायला हवा होता. मी फार मोठ्यानं हसले. नवऱ्याची पहिली चूक लग्नाआधीच हाती लागणं ही लहानसहान मिळकत नाही.

दुपारी निंबाखाली पंगत बसली. ओल्याच शेवया उकडून, निथळून, त्यावर गुळवणी, त्यावर दूध, आणि वर आईनं पळीनं सोडलेलं तूप. गोडावर उतारा म्हणून कैरी-कांद्याचा ठेचा, आणि जैनांच्या काकूंना बिनकांद्याचा वेगळा. पुरुषांना पहिल्यांदा वाढायचं ही आमच्या घरची रीत, पण त्या दिवशी दादानं पातेलं उचललं आणि बायकांना वाढत सुटला, पलटणीत लंगरला वाढतात तसं, ताटाकडं न बघता आणि दुसऱ्याचं न ऐकता. "पुढं चला, पुढं चला." आबा बैलांकडून परत आले, परिस्थिती बघितली, आणि मुकाट्यानं पळी घेऊन त्याच्या मागं तूप वाढायला लागले. त्यांनी मला एक पळी जास्त घातली. आमच्या दोघांत तेवढंच बोलणं झालं.

ताटात मोहोर पडत होता. तो बोटानं बाजूला काढायचा आणि खायचं. मी तीनदा वाढून घेतलं. साध्या राहणीवर मी आजवर पुष्कळ लिहिलं आहे, त्यात हे कुठं बसत नाही. तरी मी ते खोडणार नाही. तशी दुपार मला परत मिळाली तर परत तीनदा वाढून घेईन. सासूबाईंच्या कपाळावर घाम होता, त्यांच्या हाताला कणीक वाळली होती, आणि आई त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या यात्रेतल्या कुठल्याशा धक्काबुक्कीची हकीकत ऐकत होती. दोघी एकमेकींच्या ताटात वाढत होत्या आणि नको नको म्हणत होत्या.

उन्हं कलल्यावर सासूबाई निघाल्या. त्या गाडीत बसत असताना आई म्हणाली, "आवं, तुमी तर पाटावर बसला. आता तुमची सावड आमच्यावर बसली की वं."

सासूबाई गाडीत सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "वैशाखात आमचं मटकीचं सांडगं घालायचं असत्यात. या तवा."

"लेकीच्या घरी?"

"लेकीच्या घरी कशाला? सावडीला या. सावडीला यायला कुणाची बंदी हाय?"

 गाडी वळणाआड जाईपर्यंत आई दारात उभी होती, आणि आत आल्यावर तिनं मला विनाकारण रागं भरलं, की चूल विझत आली तरी कुणाचं लक्ष नाही.

लग्न ठरल्याप्रमाणं झालं. दोन हार, चार शब्द. ते चार शब्द बोलणारा तासभर बोलला, पण त्याबद्दल मी वेगळं पत्रक काढणार आहे. गूळ आणि पाणी. गाडीत बसण्याआधी मी कडबा उपसून बघितला. खाली काही नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले होते, बहुतेक रडण्यासाठी.

वैशाखात रात्रभर गाडीत बसून आई सकाळीच आमच्या दारात उतरली. बरोबर दादा, आणि डोक्यावर पाट नव्हता, पण काखेत एक गाठोडं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"माजी न्याहारी."

"एवढी?"

"वाट लांबची हाय," ती म्हणाली आणि गाठोडं थेट सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते न उघडता फडताळात ठेवलं. मी काही विचारलं नाही. ते मांडलं नव्हतं, कुणी बघायला आलं नव्हतं, आणि माझ्या पत्रकात न्याहारीबद्दल एक अक्षर नाही.

त्या सकाळी दोघींनी अंगणात जुन्या लुगड्यावर सांडगे घातले. सासूबाई मटकीचं पीठ कालवत होत्या, आई चिमटीनं तोडत होती, आणि माझ्या नवऱ्याला त्याच्याच पत्रकाची आठवण करून दिल्यामुळं तो राखणीला, कावळे हाकायला बसला होता. दुपारी सासूबाईंनी आईपुढं ताट ठेवलं. आईचा हात मागं गेला. नातवंड नव्हतं, आणि घर लेकीचं होतं.

"सावडीच्या माणसाला उपाशी लावून दिलं तर फुडल्या वर्साला कोण येईल माज्याकडं?" सासूबाई म्हणाल्या. "खावा गप."

आईनं माझ्या घरात भाकरी मोडली आणि मटकीच्या कालवणात मीठ कमी आहे असं सांगितलं. कालवण मी केलं होतं. तेव्हापासून दर चैत्रात सासूबाई तिकडं जातात, दर वैशाखात आई इकडं येते, आणि माझ्या स्वयंपाकात आता दोघी मिळून दोष काढतात.

माझं मागणं एवढंच आहे. या चैत्रात तुमच्या घरात लग्न असेल तर रुखवत मागू नका आणि मांडू नका. हे मी पूर्वी छापलं आहे आणि पुन्हा छापीन. पण तुमच्या दारात शेवयांचा पाट निघेल त्याच्या आदल्या दिवशी विहिणीकडं माणूस धाडा, सावडीला या म्हणून निरोप द्या. आणि ती आली की तिला घोंगडीवर बसवून ठेवू नका. हात धुवायला पाणी द्या.